हौशे, नवशे, गवशे

गेल्या वर्षी चवथ आटोपली आणि आमच्या वाड्यावरच्या देवळात नेहमीप्रमाणे बैठक बसली. विषय ठरलेला, माघातल्या जत्रेचं नाटक. मी समितीचा चिटणीस. सरकारी कचेरीत कारकून असलेल्या माणसाला गावात दुसरं पद मिळत नाही. दिवसभर टिपणं लिहितोच, मग रात्रीचीही यानंच लिहावीत, असा लोकांचा साधा हिशेब असतो.

तर बैठकीत रडगाणं सुरू झालं. तालमीला पोरं येत नाहीत. एक वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर, एक बोटीवर, एक मुंबईला. जे आहेत त्यांना पाठांतर नको. ऑर्गनवाल्याची बिदागी वाढली, पडदेवाल्याची वाढली, नटीची तर विचारूच नका. कुणीतरी म्हणालं, यंदा बाहेरची नाटक कंपनी आणूया. आणि मी, वहीतून मान वर न काढता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलून गेलो, "खरं आहे. हा हौशा-नवशांचा कारभार किती वर्षं चालवायचा? लोक आता मोबाइलवर सगळ्या जगाची नाटकं बघतात."

ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमतानं म्हणजे काय, जे विरुद्ध होते ते गप्प बसले. त्यात खांबाला टेकून बसलेले माझे बाबाही होते. वय सत्त्याहत्तर, निवृत्त पोस्टमन. या देवळापुढच्या मांडवात त्यांनी पन्नासपेक्षा जास्त वर्षं तोंडाला रंग लावला.

घरी जाताना बॅटरी त्यांच्या हातात होती. साकव येईपर्यंत काही बोलले नाहीत. साकवावर थांबून त्यांनी विचारलं, "आम्ही त्यातले कोण रे? हौशे की नवशे?" (घरी आम्ही कोकणीच बोलतो, इथं मराठीत लिहितोय एवढंच.)

मी म्हटलं, "तसं नव्हे बाबा, म्हणायची एक पद्धत असते."

"हां, पद्धत," म्हणाले आणि चालू लागले.

मराठी घेऊन बी. ए. झालेल्या माणसाला 'म्हणायची पद्धत' हे उत्तर देऊन झोप कशी लागणार? त्या रात्री शब्दकोश काढला आणि तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे. म्हणून हा प्रपंच.

हौशे-नवशे ही खरं तर तिघांची जोडी आहे. पूर्ण म्हण जत्रेची. जत्रेला तीन प्रकारचे लोक येतात, हौशे, नवशे आणि गवशे. हौशे म्हणजे हौस म्हणून आलेले. त्यांना देवाचं फारसं काही नसतं. फेरीत फिरायचं, खाजे घ्यायचे, पोरांना पिपाणी घ्यायची, ओळखीचं कोणी भेटलं तर "कितें रे, खंय आसता?" विचारायचं, आणि पालखी दिसली तर हात जोडायचे. नवशे म्हणजे नवस बोललेले, किंवा बोललेला फेडायला आलेले. त्यांच्या हातात नारळ असतो, ओटी असते, आणि चेहऱ्यावरून कळतं की यांचं इथं काही काम आहे. नाशिकला गोदावरीकाठी नवश्या गणपती आहे, त्यातला नवश्या तोच. आणि गवशे म्हणजे काही गवसतंय का बघायला आलेले. कुणाचा खिसा, कुणाच्या गळ्यातलं, किंवा नुसती पडलेली नाणी. गवसणे या क्रियापदाचं इतकं बेरकी रूप दुसरं नसेल.

आता गंमत बघा. ही म्हण आपण बोलताना अर्धी तोडली. गवशे गळून पडले, कारण कुणाला तोंडावर चोर म्हणायचं नसतं. उरलेल्या हौशे-नवशेचा अर्थ आपण एकच करून टाकला, 'असेच कोणीतरी आलेले, ज्यांना त्यातलं कळत नाही ते.' क्रिकेटच्या मैदानावर हौशे-नवशे, राजकारणात निवडणुकीच्या तोंडावर हौशे-नवशे, डोंगर चढायला पावसाळ्यात हौशे-नवशे. आमच्या कचेरीत एखाद्या योजनेला अर्जांचा ढीग पडला की साहेब म्हणणार, "यातले हौशे-नवशे आधी बाजूला काढा." मीही काढतो. तेवीस वर्षं काढतोय.

त्यातही 'नवशे' वर अन्याय जास्त. कित्येकांना वाटतं नवशे म्हणजे नवे, नवखे, नवशिके. दहा जणांना विचारून बघा. मी कचेरीत विचारलं, सात जणांनी 'नवीन आलेले' असं सांगितलं. त्यातल्या एकीनं एम. ए. केलंय, तेही मराठीत. कानाला तसं वाटतंच, नव आणि नवशे. पण नवशा हा नवखा नव्हे. उलट तोच एकटा असा, जो ठरवून, काही देणं लागतो म्हणून आलाय. त्याला हौशाच्या शेजारी बसवून दोघांनाही उडाणटप्पू ठरवणं ही आपली भाषिक कारकुनी. खरं सांगायचं तर त्या बैठकीत मीसुद्धा नवशे हा शब्द नवखे याच अर्थानं वापरला होता. कोश बघितल्यावर कळलं असं नाही, माहीत होतं. जिभेला माहीत नव्हतं.

(लहानपणी मला गवशे म्हणजे गावचे असं वाटायचं. हौशे बाहेरचे, नवशे पाहुणे आणि गवशे आपण. पुढे अर्थ कळल्यावर थोडं वाईटच वाटलं.)

हौस हा शब्दही मुळात आपला नाही. तो अरबी हवस, फारसीतून आपल्याकडे आला. अरबीत त्याला वेड, झपाटलेपण असा अर्थ आहे. हिंदी-उर्दूत तो वासना, हाव इकडे वळला. म्हणून हिंदीत हवस हा शब्द चारचौघांत उच्चारायची चोरी. आणि मराठीत आला तो थेट घरात शिरला. बायकोची हौस, नातवाची हौस, लग्नातली हौसमौज, डोहाळजेवणाची हौस. एकाच शब्दाची एक बहीण बदनाम आणि दुसरी हळदीकुंकवाला बोलावण्याजोगी, असं झालं. हौसाबाई असं नाव आपल्याकडे मुलीला ठेवत असत, आणखी काय पाहिजे! मात्र मूळचं ते झपाटलेपण मराठीत अगदीच गेलं नाही. 'हौसेला मोल नाही' म्हणताना आपण कौतुक करतो की कपाळाला हात लावतो, हे ठरवणं कठीण आहे. आणि 'फिटली हौस?' हा प्रश्न तर पडल्या-झडल्यावरच विचारतात.

इंग्रजीतला अमॅच्युअरही मुळात प्रेम करणारा. लॅटिनमधल्या प्रेम करणे या धातूपासून तो आला. पोर्तुगीजांचा अमादोर तोच. तिथंही तो शब्द पुढे घसरला आणि 'कच्चा, अर्धवट' या अर्थाला पोचला. म्हणजे प्रेमानं करणारा तो कच्चाच असणार, असं जगातल्या बऱ्याच भाषांचं एकमत दिसतं. आपल्याकडे निदान हौशी आणि हौशे-नवशे असे दोन वेगळे शब्द आहेत. हौशी नट, हौशी छायाचित्रकार म्हटलं तर माणूस कार्डावर छापू शकतो. महाराष्ट्र शासनाची राज्य नाट्यस्पर्धा आपल्या नावातच 'हौशी' मिरवते. हौशे-नवशे मात्र कुणी स्वतःला म्हणवून घेत नाही. तो शब्द नेहमी दुसऱ्यासाठी असतो.

आता आमच्या गोव्यातल्या हौशीबद्दल सांगायला हवं. इथं नाटक हे जत्रेचं, काल्याचं, शिगम्याचं अंग आहे. देवाची पालखी फिरून आली, आरती झाली, गाऱ्हाणं घातलं की मग पडदा वर जातो. बहुतेक वेळा मध्यरात्र उलटलेली असते. गावात कोकणी बोलणारी माणसं त्या मांडवात उभी राहून खणखणीत मराठी बोलतात. मासे विकणाऱ्याचा मुलगा शिवाजी, भटजींचा मुलगा खंडोजी, आणि बसचा कंडक्टर अकबर. पोर्तुगीज अमदानीत नाटक करायचं तर आधी सरकारची परवानगी काढावी लागे, तरीही ती होत. 'संशयकल्लोळ', 'एकच प्याला', 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'अश्रूंची झाली फुले' ही नाटकं आमच्या गावांनी मुंबईला जाऊन बघितली नाहीत, स्वतः करून बघितली. मंगेशीच्या दीनानाथांनी 1918 साली बळवंत संगीत मंडळी काढली आणि ते व्यवसायात गेले. त्यांच्यामागे इथं राहिलेल्या शेकडो लोकांनी व्यवसाय काढला नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आपापल्या कामावर गेले, कानामागचा रंग तसाच ठेवून.

बाबा सकाळी टपालाची पिशवी घेऊन सायकलवरून निघत तेव्हा त्यांच्या भुवयांना काजळ असायचं, हे मला आठवतं. लोक पत्र घेताना म्हणत, "औरंगजेबान कागद हाडला."

औरंगजेब ही त्यांची खास भूमिका. 'इथे ओशाळला मृत्यू'मधली. आमच्या गावात ते नाटक तीनदा झालं आणि तिन्ही वेळा औरंगजेब तेच ठरले. मी तिसऱ्या वेळचं सांगतो. साल 1991. मी पाचवीत होतो. दोन महिने अग्रशाळेच्या सोप्यावर तालमी चालल्या होत्या. जत्रेला सहा दिवस उरले आणि आमची आजी, बाबांची आई, गेली.

सुतक. देवळाच्या आवारात पाय टाकायचा नाही. जत्रा पुढे ढकलता येत नाही, आणि आमच्या घराण्यातले एकटे बाबाच नाटकात होते म्हणून बाकीचं नाटक उभं होतं. प्रश्न औरंगजेबाचा. शेवटी प्रॉम्प्टरला उभं केलं. त्याला सगळ्यांचे सगळे संवाद पाठ होते. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, की प्रॉम्प्टर रंगमंचावर गेला की पडद्यामागे कोणी उरत नाही. पुस्तक घेऊन दुसऱ्या एकाला बसवलं होतं, पण त्याला अंधारात वाचता येईना.

त्या रात्री जेवणं झाल्यावर बाबा उठले आणि बाहेर निघाले. मी मागोमाग. आईनं हटकलं नाही. साकवाजवळ येऊन ते थांबले. तिथपर्यंत सुतकाला मुभा असावी असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. समोर शेत, पलीकडे माडांच्या वर मांडवाचा उजेड, आणि कर्ण्यातून येणारा आवाज. वारा असला की अर्धं वाक्य येई, अर्धं जाई. पहिल्या प्रवेशापासून बाबा हलक्या आवाजात औरंगजेब बोलत होते. मधेच तिकडे शांतता पडली. प्रॉम्प्टर अडकला होता. बाबांनी पुढचा संवाद जरा मोठ्यानं म्हटला. परत म्हटला. मग तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडून, शेतावरून तो पोचेल अशा बेतानं. दोन फर्लांग अंतर. तिकडून हशा ऐकू आला, मग कुणीतरी आधार दिला असावा, नाटक पुढे गेलं.

मला त्या वेळी हसू आलं होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. अख्खं नाटक संपेपर्यंत आम्ही तिथं उभे होतो. पहाटे घरी येताना ते एवढंच म्हणाले, "तिसऱ्या अंकात घाई केली त्यानं."

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे, कचेरीतही. नेहमी गंमत म्हणून. हौशी माणसाचं वेड म्हणून. आता त्याबद्दल पुढे सांगतो, आधी नटीचं सांगितलं पाहिजे.

पूर्वी स्त्रीभूमिका पुरुषच करत. पुढे बाहेरून नटी आणायची पद्धत पडली. आमच्या सगळ्या हौशी मंडळींत ती एकटीच पैसे घेऊन काम करणारी. एका 'नाईट'चे ठरलेले. ती शेवटच्या बसनं येई, पत्र्याची पेटी घेऊन. तालीम एकच, तीही त्याच संध्याकाळी. भाषणं चोख. आमच्याकडे बरीच वर्षं एक बाई येत. त्यांचं जेवण आमच्याकडे असायचं, कारण सगळ्या घरांतून त्यांना जेवायला बोलावलं जाईच असं नव्हे. पैसे घेऊन रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या बाईला गाव टाळ्या देतं, पाट देताना विचार करतं. आजीनं तो विचार केला नाही, एवढं खरं.

एकदा जेवताना बाबा त्यांना म्हणाले, "बाई, तुम्ही एका तालमीत करता ते आम्हाला दोन महिन्यांत जमत नाही." त्यावर त्या हसून जे म्हणाल्या त्याचा अर्थ असा, की तुमचं बरं आहे भाऊ, तुम्ही चुकलात तर गाव हसतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतं. मी चुकले तर पुढची नाईट गेली. मला दोन महिने कोण देणार?

हौशीपणाचं कौतुक करताना मला ही बाई हमखास आठवते. हौशीला चुकायची सवलत असते. ती सवलत कोणाच्या तरी पगारातून येते, शेतातून येते, टपालाच्या पिशवीतून येते. ज्याला ती नाही त्याला हौस परवडत नाही, त्याला एकदम चांगलंच व्हावं लागतं. तेव्हा हौशी म्हणजे शुद्ध आणि धंदेवाईक म्हणजे पैशाचा लोभी, हे जे आपण बोलतो ते मला पटत नाही. आणि हौशी म्हणजे निरुपद्रवी हेही तितकंसं खरं नाही. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली मंडळी आठवा. 1967 चं नाटक. तीही एक हौशी नाटकमंडळीच. वेळ जायला खटल्याचा खेळ मांडतात आणि आपल्यातल्याच एका बाईला फाडून खातात. हौसेत काय काय दडलेलं असतं ते त्या नाटकाइतकं कुणी दाखवलं नसेल.

उलट बाजूही आहे. 1970 साली 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं. ते आणलं मुंबईच्या धी गोवा हिंदु असोसिएशननं. ही काही नाटक कंपनी नव्हती. 1919 साली मुंबईत पोटापाण्यासाठी गेलेल्या गोवेकरांनी स्थापन केलेली संस्था, आणि नाटक हा तिच्या एका विभागाचा उद्योग. आणि त्यात अप्पा बेलवलकर उभे केले ते श्रीराम लागूंनी. ते कान-नाक-घशाचे डॉक्टर. पुण्यात हौशी म्हणून नाटकं करत आणि 1969 साली डॉक्टरकी सोडून पूर्ण वेळ नट झालेले. म्हणजे मराठी रंगभूमीवरचा व्यावसायिक नटसम्राट जमवला तो अशा माणसांनी, ज्यांना त्याआधी कुणीही हौशे म्हणू शकलं असतं.

आता आमच्याकडे स्पर्धा आल्या आहेत. कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा कितीतरी वर्षं चालू आहे, आणि तिनं गोव्याला चांगले दिग्दर्शक, चांगले नट दिले यात शंकाच नाही. पण स्पर्धेच्या हौशीचं तंत्र निराळं. प्रकाशयोजनेला वेगळा माणूस, नेपथ्याला वेगळा, आणि बरीच नाटकं एका प्रयोगापुरती जगतात. मीही एकदा त्यात भालदार होतो. चार वाक्यं. सहा महिने आम्ही परीक्षकांना काय आवडेल यावर बोललो. बक्षीस मिळालं नाही, तेव्हा निकालाच्या कागदावर बोट ठेवून आमच्यातला एकजण म्हणाला, सगळं आधीच ठरलेलं असतं. मला वाटलं, गवशे गवशे म्हणतात ते आपणच की काय. काहीतरी गवसेल म्हणून गेलो होतो खरे.

असो. जत्रेकडे येऊ.

ठरल्याप्रमाणे या माघात बाहेरची कंपनी आली. संध्याकाळी बस आली, नट उतरले, चहा घेतला. प्रयोग खरोखर उत्तम झाला. हे मी उगाच म्हणत नाही. आवाज स्वच्छ, कुठं अडखळणं नाही, अडीच तासांत पडदा. आमच्या नाटकाला पाच तास लागतात, कारण मधे "अमक्यातमक्याकडून शंभर रुपये बक्षीस" अशा घोषणा चालतात आणि मारला गेलेला सरदारसुद्धा उठून नमस्कार करतो. तसलं काही नाही. लोक खुर्चीत गप्प बसून बघत होते. पोरं नेहमीसारखी रंगपटाच्या झावळ्यांना भोकं पाडायला गेली तर झावळ्याच नव्हत्या, नट बसमधे रंगले. शेवटी टाळ्या झाल्या. मी चिटणीस या नात्यानं नारळ आणि पाकीट दिलं. पहाटेच्या आत बस गेली. दुसऱ्या दिवशी गावात नाटकाबद्दल कोणी काही बोललं नाही. चांगलं होतं म्हणाले. चांगल्या नाटकाबद्दल आणखी काय बोलणार! आमचं नाटक झालं की शिगम्यापर्यंत त्याच्यावर भांडणं चालतात.

बाबा पुढच्या रांगेत बसून शेवटपर्यंत बघत होते. परतताना साकवावर मीच थांबलो. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी बैठकीत मी बोललो ते..."

"कधी?"

"हौशे-नवशे."

ते हसले. म्हणाले, "मला पहिल्यांदा हौस नव्हती रे. मला भीती वाटायची. आईचा नवस होता."

हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. बाबा पाच वर्षांचे असताना विषमज्वरानं अंथरुणाला खिळले होते. पोर्तुगीज काळ, डॉक्टर लांब. आजी देवापुढे बोलली, की पोर उठलं तर त्याला दर जत्रेला तुझ्यापुढे उभा करीन. सोनं-नाणं बोलण्याची ऐपत नव्हती. सातव्या वर्षी बाबांना रोहिदास करून हरिश्चंद्राच्या नाटकात लोटलं. स्मशानाच्या प्रवेशात ते खरोखरच घाबरून रडले आणि लोकांना ते काम फार आवडलं. त्यानंतर आजी दरवर्षी तालमीआधी नारळ ठेवायची. बाबा मोठे झाले, नोकरीला लागले, त्यांनी एकदा विचारलंही, किती वर्षं? तर म्हणाली, मी मोजून बोलले नव्हते.

"मग हौस कधी लागली?" मी विचारलं.

"ते कळत नाही," ते म्हणाले. "बहुतेक पहिला औरंगजेब केला तेव्हा. पण नवस होताच."

मला 1991 ची ती रात्र आठवली. सहा दिवसांपूर्वी गेलेल्या आईचा नवस, आणि तिच्याच सुतकामुळे देवापुढे उभं राहायला बंदी. शेताच्या अलीकडून तो माणूस ओरडून संवाद म्हणत होता, आणि मी शेजारी उभा राहून हसलो होतो. मग इतकी वर्षं ती गोष्ट रंगवून सांगत आलो. आता कचेरीत ती कशी सांगायची हे मला ठरवता आलेलं नाही. सांगत नाही.

बाबांना विचारलं, "त्या वर्षी नवस मोडला असं वाटलं का?"

ते म्हणाले, "कर्ण्याच्या टप्प्यात होतो ना. देवाला ऐकू गेलं असेल." मग थोड्या वेळानं, "आणि तू गवशांचं विचारलं नाहीस."

"त्यांचं काय?"

"नाटक संपल्यावर मांडव झाडताना मला एकदा चवली सापडली होती."

यंदाची बैठक गेल्या रविवारी झाली. मी वहीत वर लिहिलं, 'विषय : जत्रेचे नाटक' आणि पुढे काही न बोलता बसून राहिलो. बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग वेर्ण्याच्या कारखान्यातला तो मुलगा म्हणाला, मला रात्रपाळी बदलून मिळते, पण पाठांतर जमेल असं वाटत नाही. बोटीवरचा फेब्रुवारीत सुट्टीवर आहे. एका मुलीनं, गावातल्याच, नर्सिंग शिकणाऱ्या, विचारलं की नटी बाहेरूनच आणायला पाहिजे असं कुठं लिहिलंय का? कुठं लिहिलेलं नाही, मी वही चाळून सांगितलं. सहा नावं झाली. नाटकाला अकरा लागतात.

कोणीतरी प्रॉम्प्टरचं विचारलं. बाबांनी खांबापासून हात वर केला. अट एकच, पुस्तक मोठ्या अक्षरात लिहून काढायचं आणि बॅटरी त्यांची स्वतःची वापरायची. पुस्तक लिहून काढायचं काम चिटणिसाकडे आलं. दोन अंक झाले आहेत. बॅटरीचे सेल समितीच्या खर्चात घालायचे की नाही, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.